सैल आहे का गं?

"अगं, लेप लावतेस की भिंत लिंपतेस?" म्हातारी पुटपुटली. "आणि हात आहेत का फरशी? गार नुसते."

सुनेने हात मागे घेतले, एकमेकांवर चोळले, तोंडाची वाफ दिली आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली. दाराला आतून कडी होती, खिडकीवर पोतं टांगलेलं. म्हातारी अंगातलं अर्धं काढून स्टुलावर बसली होती. लेप लावताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या खांद्यावर ठेवायचा, असं लेप देणाऱ्या पालेवाल्याने सांगितलं होतं. सुरुवातीला तो हात खांद्यापर्यंत पोचायचा. आता कानापाशीच थांबत होता. मग म्हातारी कान खाजवल्यासारखं करायची, आणि सून ते बघितलंच नाही असं दाखवायची.

लेप हिरवा, बुळबुळीत. ओल्या गवतात विसरलेल्या विळ्यासारखा त्याचा वास. काखेच्या अलीकडे, छातीच्या वरच्या अंगाला गाठ होती. तिच्यावर आली की बोटं आपोआप हलकी व्हायची. सुनेची बोटं चांगली होती. घायपाताच्या वाखाचा धागा डोळे मिटून चिमटीतून ओढला तरी कुठे जाड आहे, कुठे बारीक, ते तिला सांगता यायचं. ह्या खोलीत मात्र तिला वाटायचं, बोटांना इतकं कळायला नको होतं.

"सैल झाली का गं?" म्हातारीने विचारलं. रोज विचारायची, समोरच्या भिंतीकडे बघत.

"झाली की."

"कालच्यापेक्षा?"

"कालच्यापेक्षा बरी आहे."

"मग चहा ठेव," म्हातारी म्हणाली आणि एका हाताने बटणं लावू लागली. मदत केलेली तिला चालत नसे.

घराचा धंदा दोर वळायचा. घरामागे लांबलचक पट्टा होता, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधली जमीन टाचांनी गुळगुळीत झालेली. टाचांनी, कारण दोर वळणारा उलटा चालतो. कमरेला वाखाची जुडी बांधायची, तिचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, कुणीतरी चाक फिरवायचं आणि आपण बोटांतून धागा सोडत मागे मागे जायचं. सून लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या आईला कुणीतरी विचारलं, पोरगी सुखात आहे ना? आई म्हणाली, सुखात आहे, फक्त त्यांच्याकडे सगळं उलटं चालतं. आता सुनेची स्वतःची लेकही लग्न होऊन गेली होती आणि घरात तीन माणसं उरली होती.

जाड दोरखंडाला तिघं लागतातच. चाकावर नवरा. पलीकडच्या टोकाला तिन्ही पेड एका फिरत्या आकड्यात अडकवून, तो आकडा दोन्ही हातांनी धरून मागे रेलणारी म्हातारी. आणि मधे सून, तिच्या हातात तीन खाचांचा लाकडी भोवरा, एकेका खाचेत एकेक पेड. चाक फिरलं की भोवऱ्यामागे दोर बनत जातो आणि भोवरा सांभाळत ती चाकाकडे चालत येते. एकदा चाक फिरलं की तिघांपैकी कुणीही हात सोडायचा नाही. सोडला की पीळ उलटा धावतो आणि सगळा दोर वेटोळं होऊन जमिनीवर पडतो. म्हणून सुरू करण्याआधी, आणि दोर निम्मा झाला की पुन्हा एकदा, म्हातारी टोकावरून हाक द्यायची, "सैल आहे का गं?" सुनेने तिन्ही पेड चाचपायचे आणि ओरडून सांगायचं, "सैल नाही." मगच नवरा चाकाला हात घालायचा.

पट्ट्यावर सैल म्हणजे वाईट, खोलीत सैल म्हणजे चांगलं. शब्द एकच, पण दाराची कडी घातली की उलटा व्हायचा.

गाठ सापडली ती वाख विंचरताना. म्हातारीची मूठ घसरून छातीवर आपटली, तिने तिथे चोळलं, आणि चोळता चोळता तिचा हात थांबला. त्या वेळी ती सुतळीच्या गाठीएवढी होती. दुखत नाही तर असू दे, असं म्हणत म्हातारीने ऊन जाऊन गारठा येईपर्यंत अंगावर काढलं, आणि मग सुनेनेच हट्ट करून तिला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात तिघं सकाळपासून दुपारपर्यंत बसले तेव्हा नंबर लागला. तपासायच्या जागेला पडदा होता, पण तो एका बाजूने ओढला की दुसऱ्या बाजूने उघडा पडायचा. म्हातारी अंगातलं काढून बसली आणि तेवढ्यात फरशी पुसणारा माणूस बादली घेऊन आत आला. पाय वर घ्या, म्हणाला. म्हातारीने दोन्ही हात छातीवर धरून पाय वर घेतले. तो पुसून गेला. जाताना त्याने बघितलंही नाही, पण म्हातारीला ते जास्तच लागलं. मी काय खुर्ची आहे का, असं ती नंतर कितीतरी दिवस म्हणत होती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, लेकीएवढ्या. डोळे झोप नसल्यासारखे, टेबलावर जेवणाचा डबा तसाच झाकलेला. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. त्यांनी गाठ दाबून पाहिली, काख चाचपली आणि विचारलं, दुखते का?

"नाही. अजिबात नाही," म्हातारी म्हणाली, परीक्षेतले मार्क सांगावेत तशी.

डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात थांबला. नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जा, त्या म्हणाल्या, तिथे सुई घालून तपासतील, बहुतेक कापून काढावं लागेल, पण लवकर जा. हे सगळं त्या कागदाकडे बघत बोलल्या. बाहेर पुढची बाई उभी होतीच. सून म्हातारीला घेऊन बाहेर पडल्यावर त्यांनी नवऱ्याला परत आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फळा पुसल्यासारखं.

"काय म्हणाल्या?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाल्या."

घरी येईपर्यंत तो दोघींच्या बराच पुढे चालत होता. उलटं चालणाऱ्या घरातला माणूस इतका भरभर सरळ चालताना सुनेने पहिल्यांदाच पाहिला.

पलीकडच्या दवाखान्याचं नाव काढलं की म्हातारी सुनेच्या सासऱ्यांच्या गोष्टीवर यायची. त्यांना असंच नेलं होतं. पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं, पोतं शिवावं तसं, हे तिचं ठरलेलं वाक्य. आठवडाभरात ते गेले. त्याआधी दोन वर्षं ते पोटावर गरम विटा ठेवत आणि मुळ्या उगाळून पीत घरीच बसले होते, हे कुणी धरत नसे. लोकांनी त्यांना होडीत चालत चढताना पाहिलं होतं आणि आडवं उतरताना पाहिलं होतं. मधलं कोण बघतं?

अशात गल्लीच्या टोकाची शिवणवाली आली. पूर्वी तिलाही छातीत गाठ झाली होती आणि पालेवाल्याच्या लेपाने ती गेली होती. चाकू नाही, सुई नाही, ती म्हणाली, नुसता पाला. एवढी धडधाकट बाई समोर उभी राहून सांगतेय म्हटल्यावर विचारायचं काय उरलं?

दोघी गेल्या तेव्हा पालेवाल्याने आधी पाणी दिलं. तपासायला त्याने स्वतः हात लावला नाही. बायकोला बोलावून सांगितलं, ह्यांना आत ने, दार लाव. त्या बाईने चुलीवर हात शेकून घेतले आणि मगच म्हातारीला हात लावला. बाहेर आल्यावर तो म्हातारीसमोर जमिनीवर बसला आणि विचारत गेला. झोप लागते का. घरात शेवटी कोण जेवतं. मालक कधी गेले. त्यानंतर कुणाशी बोलता. म्हातारी आधी एकेका शब्दात सांगत होती, मग तिला बोलायला सापडलं. इतकं तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. आपणसुद्धा नाही, हे सुनेला तिथे बसल्याबसल्या कळलं आणि ती उगाच पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"काम काय करता?" त्याने शेवटी विचारलं.

"दोर वळतो."

तो हसला. "मग मी तुम्हाला काय शिकवणार? दोराला गाठ पडली तर काय करता?"

"सोडवतो."

"कापत नाही?"

"कापला की दोर वाया."

"मग झालं तर," पालेवाला म्हणाला.

एवढंच. पण म्हातारीचे खांदे खाली आले ते सुनेने पाहिलं. कारण गाठ सोडवणं हा म्हातारीचा मान होता. सगळ्या वस्तीतून लोक तिच्याकडे यायचे. विहिरीचा अडकलेला दोर, गुंतलेलं जाळं, एकदा तर एका पोरीचे केस. ती मांडी घालून बसायची, गाठ हातात फिरवायची, आणि कुठेतरी तिला वाट सापडायची. कुणी कात्री पुढे केली की म्हणायची, ती काय, तुझ्याकडेही आहे, मग माझ्याकडे कशाला आलास? दवाखान्यातल्या बाईने तिला तिच्या अंगाबद्दल सांगितलं होतं. पालेवाल्याने तिला तिच्याच भाषेत सांगितलं. शिवाय त्याच्याकडे त्या दुखण्याला नाव नव्हतं. नुसती गाठ होती, आणि गाठी ह्या घराने पुष्कळ पाहिल्या होत्या.

नियम त्याने मोजकेच दिले. रोज सकाळी लेप. सुई टोचायची नाही, टोचली की गाठ चिडेल. गोळ्या नाहीत. आणि मीठ बंद, तेही सगळ्या घराचं, म्हणजे हिला मोह नको. पैसे म्हणून त्याने काही घेतलं नाही. म्हातारीनेच त्याच्या विहिरीला नवा दोर पाठवला. माणूस खोटा नव्हता. खोटा असता तर सुनेला सोपं गेलं असतं.

खोटं तिच्याच तोंडून निघालं. पहिला लेप वाळल्यावर तिने ओल्या फडक्याने पुसला. पाल्याच्या चिकाने वरची कातडी नरम पडली होती. म्हातारीने विचारलं, सैल झाली का गं? आणि ती म्हणाली, वाटतेय जरा. ते तसं अर्धं खरं होतं. कातडी सैल होती, तिच्याखालची गाठ नव्हती. पण त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली, आळणी कालवण चवीने खाल्लं, आणि वाख विंचरताना गुणगुणली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा काल वाटतेय म्हटलेलं आज कसं मोडायचं? मग रोजचंच झालं. घरात एक जास्तीचं तोंड आल्यासारखं ते खोटं रोज भरवावं लागायचं.

आळणी खाऊन नवऱ्याचा चेहरा उतरला. तो कामाचा माणूस, घामाने अर्धा व्हायचा. एकदा सुनेने त्याला चाकामागे बसून तळहात चाटताना पकडलं. तंबाखूच्या डबीत त्याने मीठ ठेवलं होतं. बोकड तरी लपून चाटत नाही, ती म्हणाली, आणि दोघंही तोंडावर हात ठेवून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

उन्हाळा सरत आला आणि होडीवाला आला. नदीवर आडव्या ताणलेल्या दोरखंडाला धरून त्याची होडी ये-जा करायची. जुना दोर फाटायला आला होता. पाणी वाढायच्या आत नवा हवा, त्याने सांगितलं, कारण एकदा पाणी वाढलं की होडी बंद, मग महिनोन्‌महिने पलीकडचं तोंड दिसायचं नाही.

वाख भिजवला, विंचरला, धागे काढले, धाग्यांचे पेड वळले. हे सगळं दोघांनी ओढलं, कारण म्हातारीचा डावा हात सुजू लागला होता. आधी बोटं, मग मनगट. मनगटातलं कडं साबण लावून काढावं लागलं. कुशीवर झोपले असेन, ती म्हणाली. रोज त्याच कुशीवर झोपत होती म्हणायची. पाठीतून कळ यायची तेव्हा ती थांबून झाडाकडे बघायची, जणू तिथे पक्षी आहे.

पेड जोडायच्या दिवशी ती ऐकेना. टोकाची जागा तिची होती. ती उभी राहिली, आकडा धरला, मागे रेलली. "सैल आहे का गं?" "सैल नाही." चाक फिरलं. सून भोवरा घेऊन थोडीच पुढे आली असेल आणि तिच्या हातातले पेड एकदम मेले. मागे वळून बघते तर म्हातारी जमिनीवर बसलेली, आकडा धुळीत गरागरा फिरतोय आणि झालेला दोर स्वतःवरच उसळत, वळत, वेटोळी घालत पडतोय.

जन्मात तिने टोक सोडलं नव्हतं.

होडीवाला नेमका बघायला आला होता. चेष्टेचा माणूस. म्हणाला, "आजी, दोर मागितला होता, घरटं नव्हतं मागितलं." कुणी हसलं नाही तेव्हा त्यालाच कसंतरी झालं आणि तो गेला.

नवरा चाकू घेऊन आला. गुंता मोठा होता. कापून टाकावा, पेड आखूड झाले तर नवीन जोडावे, असं त्याचं म्हणणं.

"चाकू ठेव," म्हातारी म्हणाली.

"आई, दिवस जाईल."

"जाऊ दे. ठेव म्हटलं ना."

ती सावलीत मांडी घालून बसली आणि एका हाताने, दातांनी, पायाच्या बोटांनी गुंता सोडवू लागली. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. दुपार झाली, ऊन सरकलं, तिने जागा बदलली नाही. सून पाणी घेऊन गेली तर म्हणाली, थोडंच राहिलंय. दिवस कलताना तिने पेड मोकळे करून ठेवले, जवळजवळ होते तसे. नवऱ्याने ते उचलून घडी केली आणि आईकडे न बघता म्हणाला, तुझ्यासारखं कुणाला येत नाही. म्हातारी मांडीवरची तुसं झटकत राहिली. नेहमी यावर काहीतरी बोलायची.

अंधार पडायच्या आत सून तिथला कचरा झाडायला गेली. वाखाच्या तुसांखाली, मातीने नीट झाकलेलं काहीतरी खराट्याला लागलं. तिने उचललं. अंगठ्याएवढी गाठ, घट्ट, थुंकीने ओली, दातांच्या खुणा पडलेली. आणि तिची दोन्ही टोकं स्वच्छ, एका घावात कापलेली. चाकू आपल्या जागी, म्हातारी बसली होती त्याच झाडाच्या खुंटीला होता. पात्यावर वाखाचा एक केस चिकटलेला.

सून ती गाठ मुठीत घेऊन खराट्याला टेकली. म्हातारीने कापली होती. कुणी बघत नाही असं पाहून, आणि मग माती सारून लपवली होती.

दुसऱ्या दिवशी सून शिवणवालीकडे गेली. शिवणवाली मशीनवर काहीतरी उसवलेलं घेऊन बसली होती. सुनेने आडून आडून विचारलं, तुझी गाठ कशी होती गं? शिवणवालीला सांगायला आवडायचं. अगं, आग आग नुसती, ती म्हणाली, पोरगं अंगावर पीत होतं तेव्हाची गोष्ट, लालबुंद झाली होती, ताप भरला, हात लावू देत नव्हते, आणि पालेवाल्याच्या लेपाने तिसऱ्या दिवशी फुटली, वाटीभर पू गेला. बरी झाले.

"दुखत होती?"

"दुखत म्हणजे? रडायचे मी."

"आमच्या आईंची दुखत नाही."

मशीन थांबलं. शिवणवालीने सुईतला दोरा तोडला, पुन्हा ओवायला घेतला, पुन्हा चुकला. एवढं शिवणारी बाई, पण दोरा काही भोकात जाईना. मग ती हळूच म्हणाली, दुखत नाही म्हणजे चांगलंच ना गं? हो, सून म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. निघताना शिवणवालीने तिला उगाचच एक कापडाचा तुकडा दिला, फडक्याला होईल म्हणून.

नवरा पट्ट्यावर चाकाला तेल देत होता. तीही शेजारी बसली. इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून काय सांगितलं?

तो तेल घालत राहिला. तेल ओघळून जमिनीवर गळू लागलं तरी घालत राहिला. मग त्याने भलतंच सांगायला घेतलं. तो परवा पालेवाल्याकडे जाऊन आला होता, एकटाच. हात सुजलाय म्हणून सांगितलं. पालेवाल्याने विचारलं, पथ्य मोडलं का?

"मी काय सांगणार? मीठ मी खात होतो." त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्यामुळे झालं हे. एवढं मला जमलं नाही."

सुनेने त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे झालेला, दोन माणसांचं चाक एकट्याने फिरवणारा माणूस, डबीतल्या चिमूटभर मिठाला रडत होता.

"गाठ तुमच्या अंगात आहे का?" ती म्हणाली. "मीठ तुम्ही खाल्लं. आईंनी नाही."

"घराचं म्हणाला होता."

"घराला झालीय का गाठ?"

मग बाहीने तोंड पुसून त्याने सांगितलं. बाईंनी नाव सांगितलं होतं. सुई घातल्याशिवाय पक्कं नाही, पण मला तेच वाटतंय, म्हणाल्या होत्या. त्याने ते नाव ओठांवर आणलं, आवाज काही काढला नाही. एकदा घरात ते बोललं की ते घरातच राहायला येणार, असं त्याला वाटलं होतं. आणि पालेवाल्याने विचारलंच नाही, नाव काय म्हणून.

"आता नेऊन तरी काय होणार?" तो म्हणाला. "उशीर झाला असेल."

"झाला असेल."

"मग?"

तिने त्याच्या हातातून तेलाची बाटली काढून घेतली आणि बूच लावलं.

पुढच्या सकाळी वारा पडलेला होता. आभाळ खाली आलेलं, नदीकडून ओल्या मातीचा वास. होडीवाल्याचा निरोप होता, पाणी गढूळ झालंय, दोन दिवसांत दोर द्या. खोलीत लेप लावून झाला होता. म्हातारीने आज सैल झाली का ते विचारलंच नव्हतं. भिंतीकडे बघत बसली आणि मग आपणहून चहा ठेव म्हणाली. सुनेलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

टोकावर उभं राहायचं ते मीच, म्हातारी म्हणाली. नवऱ्याने आकड्याला कमरपट्टा बांधून तो तिच्या कमरेभोवती घेतला, म्हणजे ओढ हातावर न येता कमरेवर येईल. बैलासारखं जुंपतोस आईला, ती म्हणाली, पण कमरपट्टा नीट बसू दिला. उजव्या हाताने आकडा धरला. डावा हात सुनेने कापडाच्या झोळीत बांधून दिला होता, शिवणवालीने दिलेल्या तुकड्याच्या. म्हातारी मागे रेलली. तिच्या टाचा जमिनीत रुतल्या.

"सैल आहे का गं?"

"सैल नाही."

चाक फिरलं. भोवरा सुनेच्या हातात जिवंत झाला, थरथरला, आणि त्याच्यामागे दोर उतरू लागला, जाड, गोल, गुळगुळीत. म्हातारीने वळायला शिकवला होता तसा. एकेक पाऊल टाकत सून नवऱ्याकडे निघाली. त्याचं तोंड तिच्याकडे होतं, म्हातारीचंही तिच्याच पाठीकडे. दोघांच्या मधे ती, आणि तिघांना धरून ठेवलेला तो एक दोर. पट्ट्याच्या मध्यावरच्या झाडापाशी ती थांबली. नवऱ्याने चाक थांबवून त्याची मूठ दाबून धरली. आता निम्म्यावरची हाक यायची.

आज ती जरा उशिरा आली, दम लागलेल्या आवाजात.

"सैल आहे का गं?"

सुनेने पेड चाचपले. तिन्ही ताठ होते. तिने तोंड उघडलं आणि तिला कळलं की आता कुणालाच कुठे जाता येणार नाही. नवऱ्याला मूठ सोडून चाकामागे वळता येणार नाही. म्हातारीला भिंतीकडे तोंड करता येणार नाही. तिला स्वतःला चहा ठेवायला उठता येणार नाही.

"सैल नाही," ती म्हणाली. नवऱ्याचा खांदा चाक फिरवायला हलला. तिने मानेनेच त्याला थांबवलं. मग भोवरा दोन्ही हातांत धरून जमेल तेवढी मागे वळली. "दोराचं नाही म्हणत मी, आई. गाठीचं म्हणतेय. ती सैल झालेली नाही. एक दिवससुद्धा झाली नव्हती."

म्हातारी लांबवर उभी होती, कमरपट्ट्यावर सगळा भार टाकून. तिचा चेहरा इथून नीट दिसत नव्हता. दोर मात्र ढळला नाही, तिने तो तसाच ताठ धरून ठेवला होता.

"काय म्हणालीस?" ती ओरडली. "ऐकू आलं नाही. मोठ्याने बोल."

ऐकू आलं होतं. सुनेला ते कळलं, आणि आपल्याला अजून एकदा सूट मिळतेय हेही कळलं. नवऱ्याने मूठ न सोडता कपाळ स्वतःच्या दंडाला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"होडी चालू आहे तोवर आपण पलीकडे जायचंय," सून मोठ्याने म्हणाली. "कॅन्सर आहे, आई."